आतली कडी

"आ कर," नवरा म्हणाला. साखरेचा चमचा तिच्या ओठांना टेकला होता.

"अहो, मला काही झालेलं नाही. मी एवढंच म्हणतेय की पुढच्या महिन्यापासून मी माझ्या टेबलावर परत बसणार. लाँड्रीवाल्यांनी अजून जागा..."

बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात साखर आत गेली.

"गीळ. आधी गीळ, मग बोल."

तोंडात साखर असताना माणसाला भांडता येत नाही. कितीही खरं बोलायचं असलं तरी आधी जीभ फिरवावी लागते, लाळ गिळावी लागते, आणि तोवर समोरचा चमचा धुवायला निघून गेलेला असतो. तिचा नवरा तसाच गेला. स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला, "आता बघ, पाच मिनिटांत शांत होशील."

आणि ती शांत झाली. मग सूनही म्हणाली, "बघा आई, उतरलीच होती साखर."

तिचा धंदा रफूचा. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून तिचं टेबल होतं. जळलेला कोट, उंदराने कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, असं सगळं तिच्याकडे यायचं. रफूला बाहेरचा दोरा ती लावत नसे. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा उपसून काढायची आणि त्यानेच भोक भरायची. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की म्हणायची, "भोक कुठं होतं ते दाखवा, मग पैसे द्या." गिऱ्हाइकाला सापडायचं नाही. तो हसायचा, तीही हसायची. त्या खिडकीतून तिने अर्धं आयुष्य रस्ता बघितला होता. कोण कोणाबरोबर चाललंय, कोणाचा डबा रिकामा परत येतोय, कोणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, सगळं तिला ठाऊक असायचं.

नवरा विजेचे मीटर वाचणारा. घरोघर जायचं, जिन्याखाली वाकायचं, बॅटरी मारून आकडा टिपायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्ली त्याला मीटरवालेच म्हणे. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही. बायकोला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा साखर मोजायचं मशीन त्यानेच हौसेने आणलं. डब्यातून काढलं, पुसलं, आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिलं. ते तिथेच राहिलं.

मागच्या वर्षी एका दुपारी ती उगाचच चिडचिड करत होती. भाजीत मीठ कमी, पंखा जोरात, रेडिओ बंद करा. नवरा म्हणाला, "तुझं रोजचंच आहे," आणि त्याने रेडिओचा आवाज वाढवला. ती काहीतरी पुटपुटत बाथरूममध्ये गेली आणि तिने आतून कडी लावली. नळ सुरू झाला. आतून तिने दोनदा काहीतरी ओरडून सांगितलं. शब्द धड नव्हते. त्याला वाटलं, शिव्या देतेय. रुसली असेल, येईल बाहेर. रेडिओवरचा कार्यक्रम संपला तरी नळ चालूच होता, आणि पाणी दाराखालून बाहेर आलं तेव्हा त्याची चप्पल भिजली. मुलाने पहार घालून दार उघडलं. कडी उखडून लोंबत राहिली. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे, अंग घामाने चिंब. दवाखान्यात सांगितलं, साखर फार खाली गेली होती. आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नाही.

त्या दिवशी त्याने उतरलेल्या साखरेला राग समजलं होतं. त्या दिवसापासून तो तिच्या प्रत्येक रागाला उतरलेली साखर समजू लागला.

कडी मुलाने पुन्हा बसवली नाही. "आई, आता लोटूनच घेत जा दार. आपल्याच घरात कसली कडी?" चौकटीवर स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली. आंघोळीला बसली की पाच-दहा मिनिटांनी बाहेरून आवाज यायचा, "बरी आहेस ना?" तिने "हो" म्हटलं नाही तर दार उघडायचं. मग ती आंघोळभर खोकत राहायची, म्हणजे बाहेर कळावं की माणूस जिवंत आहे.

लाँड्रीला जाणंही बंद झालं. रस्ता ओलांडायचा, वाटेत काही झालं तर? लाँड्रीवाले भले गृहस्थ. म्हणाले, टेबल तसंच ठेवतो, बऱ्या व्हा. ती बरी झाली. पण हे ज्याला पटवायचं त्याला पटवताना आवाज चढायचा, आणि आवाज चढला की चमचा यायचा.

तीन महिन्यांचा रिपोर्ट आला तेव्हा साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवून दिलं. वाढलेला डोस समजावून सांगायला सिस्टर बसल्या होत्या. जाड चष्मा, खणखणीत आवाज, टेबलावर अर्धा प्यालेला चहा. त्यांनी विचारलं, "मावशी, गोड किती खाता? खरं सांगा, मी ओरडणार नाही."

"मी खात नाही. मला खाऊ घालतात."

"कोण?"

तिने नवऱ्याकडे बोट केलं. सिस्टर हसल्या. मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि हसणं थांबवलं.

"काका, कधी देता साखर?"

"उतरली की देतो."

"उतरली हे कसं कळतं?"

"चिडते ना ती. आवाज चढतो. तोंड लाल होतं. इतक्या वर्षांचा संसार आहे सिस्टर, तिच्या चेहऱ्यावर आकडा दिसतो मला."

"आणि मशीन?"

"आहे की. चांगलं आहे. कपाटात."

सूनबाई सोबत आली होती. ती मुळातच फटकळ. म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगायचात ना, घराला कुलूप असलं की मागच्या महिन्यावरून अंदाजे रीडिंग टाकायचो म्हणून? तेच केलंत तुम्ही आईंचं. वर्षभर कुलूप समजून बिल पाठवत राहिलात."

त्याला ते लागलं.

सिस्टरांनी चहा बाजूला सारला. "हे बघा. हात थरथरतात, घाम सुटतो, छातीत धडधडतं, एकदम भूक लागते, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसतं, माणूस चिडतो किंवा भलतंच बडबडतो. यातलं काही दिसलं की आधी बघायचं. हात धुवायचे, बोटाला साखर लागलेली असली तर मशीन खोटं सांगेल. बोटाच्या कडेला टोचायचं. सत्तरच्या खाली आलं तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. वर आली की काहीतरी पोटभरीचं. मशीन जवळ नसेल आणि लक्षणं असतील तर वाट बघत बसू नका, द्या साखर. गिळता येत नसेल, शुद्ध नसेल, तर तोंडात काही घालू नका, थेट इकडे आणा. पण काका, मशीन कपाटात आणि चमचा हातात, हे चालणार नाही. तुम्ही रोज साखर घालताय, रिपोर्ट वाढतोय, डॉक्टर इन्सुलिन वाढवतायत. त्याने एक दिवस खरंच खाली जाईल."

त्या उठल्या, डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, आणि वाढवलेला डोस पुन्हा पहिल्यावर आणून परत आल्या.

घरी येताना तिला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवसापासून मशीन नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात आलं. चष्म्याच्या जुन्या डबीत पट्ट्या, टोचणी, कापूस. जुनी नोकरी परत मिळाल्यासारखा तो उत्साहात होता. तिचा आवाज जरा वर गेला की म्हणायचा, "थांब. हात धू. बोट दे."

"मी फक्त म्हणतेय की दूध उतू..."

"बोट दे आधी."

ती बोट द्यायची. डाव्या हाताचं पहिलं बोट मात्र कधी देत नसे. रफू करताना कपड्याखालून सुई त्याच बोटाला लागते आणि तिथून परत वर जाते. ते बोट दुखरं झालं तर धागा चुकतो. बाकीच्या बोटांच्या कडा हळूहळू जाड झाल्या. थेंब यायचा, पट्टी तो शोषायची, आकडा यायचा, तो चष्मा कपाळावर सरकवून मोठ्याने वाचायचा: एकशे तीस. "ठीक आहे." पण तोवर दूध उतू गेलेलं असायचं, आणि ती काय म्हणत होती ते कोणी पुन्हा विचारायचं नाही. साखर ठीक म्हणजे सगळं ठीक.

पुढे पुढे तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. सून एकदा तोंडावर उलटून बोलली, तेव्हा छातीत काहीतरी उसळलं. बोलायच्या आधी तिने हात पुढे धरून बघितला. थरथरतोय का? घाम आहे का? हे माझं आहे की साखरेचं? विचार करेपर्यंत सून भाजी आणायला गेलीसुद्धा होती. नव्या नवरीलाही जेवढं जपून बोलावं लागत नाही, तेवढं ती आपल्याच घरात बोलू लागली.

मग एका सकाळी खरंच उतरली. इन्सुलिन घेऊन झालं होतं आणि नेमका गॅस संपला. नवरा सिलिंडरच्या मागे गेला, सून कामावर, मुलगा कामावर. ती खिडकीशी मुलाच्या शर्टाला काज करत बसली. एक काज नीट येईना म्हणून तिला रडू आलं. काजासाठी रडू? तिने सुई खाली ठेवली. पंखा चालू होता आणि मानेला घाम होता. सुईच्या दोन सुया दिसत होत्या. पोटात खड्डा पडला होता.

नवऱ्याने मशीन टेबलावरच विसरून ठेवलं होतं. तिने हात धुतले, पुसले, टोचलं. अठ्ठावन्न. हात एवढा हलत होता की साखरेचा डबा उघडताना निम्मी साखर ओट्यावर सांडली. तीन चमचे पाण्यात ढवळून प्यायली आणि जमिनीवरच बसली, पडायचंच झालं तर उंचावरून नको. घड्याळाकडे बघत राहिली. पुन्हा टोचलं. शहाण्णव. मग पाव खाल्ला, ओटा पुसला, आणि अर्धवट राहिलेलं काज एका दमात पुरं केलं. पहिल्यांदा जमलेल्या रफूचा आनंद होता तसाच आनंद तिला झाला. भोक पडलं होतं, भरलं, आता कोणाला दिसणारही नाही.

पण तिने संध्याकाळी आपण होऊन सांगितलं. तिथेच चुकलं.

"अठ्ठावन्न!" नवरा उभाच राहिला. "आणि घरात कोणी नाही!"

"अहो, मी सांभाळलं ना. सिस्टर म्हणाल्या तसंच सगळं..."

"आई, उद्यापासून तुला एकटीला सोडायचं नाही," मुलगा म्हणाला. "कोणीतरी कायम असेल."

"मी म्हणतेय, मला जमलं. म्हणजे लाँड्रीतही जमेल. मशीन पिशवीत ठेवीन, साखर ठेवीन..."

"लाँड्रीचं नावच काढू नकोस."

तिने सांभाळलं होतं, हे कोणाच्या कानावर पडलंच नाही. अठ्ठावन्न तेवढं पडलं. आवाज चढवावा तर बोट मागतील, म्हणून ती ताटाकडे बघत जेवली.

लाँड्रीवाले आले ते रविवारी सकाळी. हातात कागदात गुंडाळलेला कोट. सून घरात होती, मुलगा सामान आणायला गेला होता. ती पदराला हात पुसत बाहेर आली, चेहरा उजळलेला.

"बसा, बसा. मी निरोप पाठवणारच होते. पहिल्या तारखेपासून येते मी. खिडकीची काच तेवढी पुसून ठेवा, धूळ बसली असेल."

लाँड्रीवाल्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे.

"बाई," लाँड्रीवाले म्हणाले, "मीटरवाल्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला? ते मागच्या आठवड्यात आले होते. म्हणाले, ती काही आता यायची नाही. म्हणून मग मी... बटणं लावायचं मशीन घेतलंय. खिडकीतच बसवलं. जमिनीला बोल्ट मारून."

ती नवऱ्याकडे वळली. आवाज कुठून आला ते तिलाही कळलं नाही.

"माझं टेबल तुम्ही दिलंत? मला न विचारता? माझं?"

"अगं, हळू. बोट दे बघू."

"मी बोट देणार नाही."

"तोंड बघ केवढं लाल झालंय. अगं, सिस्टरांनीच सांगितलंय..."

तिने हात पुढे केला. तिने बोट नाही दिलं, पूर्ण पंजाच त्याच्या तोंडासमोर धरला. त्याने टोचलं. सगळे मशीनकडे बघत राहिले, लाँड्रीवालेसुद्धा.

एकशे बारा.

"हात धुतला नव्हतास," तो म्हणाला. "साखर लागली असेल बोटाला."

ती आत गेली. साबणाने हात धुतले, टॉवेलने कोरडे केले, आली. दुसरं बोट.

एकशे नऊ.

"मशीन बिघडलंय. सेल उतरले असतील."

"मग तुमचं बघा की बाबा," सून म्हणाली. "आईंचा राग मोजून झाला. आता घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी मोजू."

तो चिडला, पण त्याने खरंच स्वतःचे हात धुतले आणि नवी सुई लावून स्वतःचं बोट पुढे घेतलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. टोचताना त्याने डोळे मिटले आणि "स्स" केलं. थेंब मोठा आला. आकडा आला. तोही ठीकच होता. मशीन धडधाकट होतं.

तो बोट चोखत उभा राहिला. आयुष्यभर आकडा टिपून तो पुढच्या दाराला जायचा, आकड्याच्या मागे कोण राहतं ते बघायची वेळ कधी आली नव्हती. आज पुढचं दार नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि अगदी हळू विचारलं, "मग... खरंच राग आलाय तुला?"

लाँड्रीवाल्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली.

"माझा?"

"तुमचा."

त्याने मान हलवली. पुढे काय करायचं ते सिस्टरांनी सांगितलं नव्हतं.

लाँड्रीवाल्यांनी खाकरून कोट टेबलावर ठेवला. "बाई, हे काम तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही. बाहीला सिगारेटचं भोक आहे. मी असं म्हणतो, कपडे मी घरीच पाठवत जाईन. तुम्ही घरबसल्या करा. निवांत."

"घरबसल्या," ती म्हणाली. तिने कोट उलगडला, बाही उजेडाकडे धरली, भोकातून पलीकडची भिंत दिसली. तिने आतली शिवण बोटाने चाचपली. धागा निघण्यासारखा होता. "ठेवून जा. बुधवारी न्या."

लाँड्रीवाले जिना उतरून गेले. ती तशीच उभी राहिली. नवरा मशीन डबीत घालत होता. पट्टी काही केल्या नीट बसत नव्हती.

"अहो."

"काय?"

"बाथरूमला कडी लावा."

त्याचा हात थांबला. "अगं, पण..."

"तुम्ही माझं टेबल दिलंत. मी काही म्हणत नाही, आता जमिनीत बोल्ट मारलेत. कडी लावा. आजच. आतून."

सुनेने मुलाच्या हत्यारांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढून सासऱ्याच्या हातात दिला. जुनी कडी माळ्यावर डब्यात होती, एका बाजूने वाकलेली. त्याने ती पाट्यावर ठोकून सरळ केली. जुन्या भोकांत स्क्रू धरेनात, लाकूड फाटलं होतं. म्हणून त्याने चार बोटं वर नवी भोकं पाडली. त्याला या कामाची सवय नव्हती. दोनदा स्क्रूड्रायव्हर सटकला. मघाशी टोचलेल्या बोटातून पुन्हा रक्त आलं, ते त्याने पायजम्याला पुसलं. कडी थोडी तिरकी बसली, पण लागत होती. त्याने ती चार-पाच वेळा लावून-काढून बघितली.

ती टॉवेल घेऊन आली. दाराबाहेर स्टूल ठेवलं. मशीन मागून घेतलं, त्याच्या देखत टोचलं, आकडा आला तसं मशीन स्टुलावर उजेडात ठेवलं. मग आत गेली. कडी सरकल्याचा आवाज सगळ्या घराने ऐकला.

बाहेर तो स्टुलाशेजारी जमिनीवर बसला. थोड्या वेळाने आकडा विझला, मशीन आपोआप बंद झालं. नळाचा आवाज येत होता.

जिन्यावर पावलं वाजली. मुलाचा आवाज आला, "हे काय? कडी कोणी लावली? आई! आई आत आहे? बाबा, दार वाजवा ना!"

"नको."

"किती वेळ झाला?"

"ओरडू नकोस. तिने बघितलंय."

"मशीन तर बंद आहे."

"मघाशी चालू होतं," तो म्हणाला.

आत तिने नळ बंद केला. आंघोळ तिची सकाळीच झाली होती, केस कोरडे होते. बादली पालथी घालून ती तिच्यावर बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. तिला तिथे काहीच करायचं नव्हतं. उंच झरोक्यातून उजेडाचा एक तुकडा समोरच्या भिंतीवर पडला होता. त्यातून रस्ता दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. दाराखालच्या फटीत नवऱ्याची सावली होती. ती हलत नव्हती.

बराच वेळ ती त्या सावलीकडे बघत राहिली. मग तिने एकदा खोकून घेतलं, बाहेर ऐकू जाईल एवढंच, आणि बसून राहिली.